वॉरंटीतली गाडी वर्कशॉपमध्ये अडकते तेव्हा: नव्या गाडीमालकांसाठी मार्गदर्शन

पहिल्यांदाच नवी गाडी घेणाऱ्या माणसाची अशी समजूत असते की वॉरंटी असेपर्यंत बिघाडाची काळजी कंपनीने करायची आणि आपण फक्त गाडी नेऊन सोडायची. वॉरंटीची पुस्तिका नीट वाचली, तर ही समजूत अर्धीच खरी असल्याचे ध्यानात येते. सदोष भाग कंपनी स्वखर्चाने दुरुस्त करील किंवा बदलून देईल, असे आश्वासन त्या पुस्तिकेत असते. ते काम किती दिवसांत होईल, याबद्दल मात्र तिच्यात बहुधा एक अक्षरही नसते. ग्राहकाला त्रास होतो तो या न लिहिलेल्या भागाचा. तपासणीची वेळ मिळायला आठवडा, कंपनीची मंजुरी यायला काही दिवस, सुटा भाग यायला आणखी काही आठवडे, आणि तो भाग आल्यावर बसवायला मोकळा तंत्रज्ञ नाही, असा हा प्रवास होतो.

वर्कशॉपमध्ये आज सर्वांत जास्त टंचाई आहे ती दोष शोधून काढणाऱ्या माणसाच्या वेळेची. हा वेळ वाचवण्यात ग्राहकाचा मोठा वाटा असू शकतो, आणि पुढे दिलेल्या बहुतेक सूचना त्याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: उशीर कुठे होतो ते समजून घ्या

आपण ज्यांच्याशी बोलतो ते सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गाडी दुरुस्त करीत नाहीत. ते आपली तक्रार ऐकून जॉब कार्ड तयार करतात, ते कार्ड वर्कशॉपच्या फ्लोअरवर जाते आणि तेथील प्रमुख ते एखाद्या तंत्रज्ञाकडे सोपवतो. तंत्रज्ञाने दोष शोधला की वॉरंटीचे काम पाहणारा कर्मचारी फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा संकेतांक), फोटो आणि तंत्रज्ञाचा अभिप्राय कंपनीकडे पाठवतो, कारण महागड्या भागांसाठी बहुतेक कंपन्या आधी मंजुरी मागतात. मंजुरी आल्यावर सुट्या भागांचा विभाग तो भाग मागवतो. भाग आल्यावर गाडी पुन्हा तंत्रज्ञाच्या रांगेत लागते. म्हणजे आपली गाडी ‘वर्कशॉपमध्ये आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा ती तपासणीच्या, मंजुरीच्या किंवा सुट्या भागाच्या रांगेत उभी असते, आणि प्रत्येक रांग पुढे सरकवण्याचा उपाय निराळा असतो. नवखा ग्राहक रोज फोन करून ‘गाडी कधी मिळेल’ एवढेच विचारतो आणि त्याला रोज ‘उद्या-परवा’ असे उत्तर मिळते; प्रश्नच मोघम असल्यावर उत्तर तरी नेमके कसे मिळणार?

तंत्रज्ञांच्या टंचाईबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण ती समजली नाही तर ग्राहकाला वाटते की आपल्याला मुद्दाम ताटकळत ठेवले आहे. बॉश कंपनीने गाडीतील वेगवेगळ्या इलेक्ट्रॉनिक घटकांना एकमेकांशी बोलू देणारी ‘कॅन’ ही संदेशप्रणाली 1986 मध्ये जाहीर केली, आणि अमेरिकेत 1996 च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीत ‘ओबीडी-2’ ही दोषनोंदणीची व्यवस्था सक्तीची झाली. तेव्हापासून गाडीतील संगणक वाढत गेले आणि दोष शोधण्याचे काम हातोडी-पान्याच्या कौशल्यापलीकडे गेले. पुष्कळांना असे वाटते की स्कॅनर लावला की तो बिघडलेल्या भागाचे नाव सांगतो. प्रत्यक्षात फॉल्ट कोड केवळ कोणत्या सर्किटमध्ये किंवा कोणत्या कार्यात गडबड आहे एवढेच दाखवतो. इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडत असल्याचा कोड आला, तर त्यामागे फाटलेली हवेची नळी, कमजोर इंधन पंप, मळलेला सेन्सर किंवा तुटकी वायर यांपैकी काहीही असू शकते, आणि त्यातले नेमके काय आहे हे मोजमापाने, तर्काने व अनुभवानेच ठरवावे लागते. असा माणूस काही महिन्यांच्या प्रशिक्षणात तयार होत नाही, त्याला वर्षे लागतात.

त्यात इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांची भर पडली आहे. पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांची मुख्य बॅटरी सुमारे 400 व्होल्टची आणि काहींची 800 व्होल्टची असते. नारिंगी रंगाच्या केबलना हात लावण्यापूर्वी उच्चदाबाचा पुरवठा तोडावा लागतो, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबावे लागते आणि दाब शून्यावर आला आहे हे मोजून खात्री करून घ्यावी लागते. हे काम खास प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच करायचे असते, कारण चूक झाली तर जीव जातो. वर्कशॉपमध्ये अशी एकच व्यक्ती असेल आणि ती रजेवर असेल, तर गाडी उभी राहते, आणि ती उभी राहणेच योग्य आहे.

पैशाचाही प्रश्न आहे. वॉरंटीच्या प्रत्येक कामाला किती वेळ लागावा हे कंपनीने आधीच ठरवलेले असते आणि डीलरला तेवढ्याच वेळाची मजुरी मिळते. हे वेळ ग्राहकाच्या पैशाने होणाऱ्या कामांच्या वेळांपेक्षा पुष्कळदा कमी असतात, आणि दोष शोधण्यात गेलेल्या वेळेची भरपाई पुरती होत नाही, अशी या व्यवसायातली जुनी तक्रार आहे. अमेरिकेतील अनेक वर्कशॉपमध्ये तंत्रज्ञाला हजेरीवर पगार नसतो, कामाच्या ठरीव तासांवर मोबदला असतो. तेथे अवघड वॉरंटी काम वाट्याला येणे म्हणजे त्या दिवसाची कमाई घटणे. ही तफावत दूर करण्यासाठी इलिनॉय राज्याने 2021 मध्ये कायदाही केला. अनुभवी माणसे हा व्यवसाय का सोडतात आणि नवी माणसे त्यात का येत नाहीत, याचे एक मोठे कारण येथे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगमेहनत, स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागणारी हत्यारे आणि न थांबणारे शिक्षण यांच्या मानाने मिळणारा मोबदला तोकडा आहे.

यातून नव्या ग्राहकाला पडणारे एक कोडे सुटते. आपल्या नंतर आलेल्या गाड्या ऑइल बदलून दुपारी परत जातात आणि आपली गाडी मात्र चार दिवस तशीच उभी असते. यात बहुतेक वेळा पक्षपात नसतो. नेहमीची सर्व्हिसिंग करू शकणारे हात वर्कशॉपमध्ये अनेक असतात. मध्येच पेटणाऱ्या दिव्याचे कारण शोधू शकणारे एक-दोनच असतात, आणि आपली गाडी त्या एक-दोघांच्या रांगेत असते.

दुसरी पायरी: गाडी नेण्यापूर्वीची तयारी

या पायरीवर खर्च केलेला एक तास पुढचे कित्येक दिवस वाचवतो, म्हणून तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे.

प्रथम तक्रार लिहून काढावी. ‘गाडी आवाज करते’ किंवा ‘पिकअप नाही’ अशा वाक्यावरून तंत्रज्ञाला काहीच हाती लागत नाही. आवाज गाडीच्या कोणत्या बाजूने येतो, इंजिन थंड असताना येतो की गरम झाल्यावर, किती वेगाला येतो, ब्रेक दाबल्यावर किंवा स्टिअरिंग वळवल्यावर बदलतो का, पाऊस पडून गेल्यावर वाढतो का, पहिल्यांदा कधी जाणवला आणि त्या वेळी ओडोमीटरवर किती किलोमीटर होते, एवढे टिपलेले असावे. दोष अधूनमधून येणारा असेल, तर प्रत्येक वेळची तारीख, वेळ आणि परिस्थिती लिहून ठेवावी. दिवा पेटला किंवा पडद्यावर संदेश आला, तर त्याचा फोटो काढावा. आवाजाचा किंवा धक्क्याचा व्हिडिओ घ्यावा, मात्र तो चालकाने न घेता शेजारी बसलेल्या व्यक्तीने घ्यावा.

माझ्या स्वतःच्या गाडीचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद पुढून खडखड आवाज येत असे. मी दोनदा गाडी नेली आणि दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आलो, कारण वर्कशॉपपर्यंत पोहोचेतो इंजिन गरम झालेले असे. तिसऱ्या वेळी गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवली आणि ‘सकाळी पहिल्यांदा इंजिन तंत्रज्ञानेच सुरू करावे’ असे जॉब कार्डावर लिहून घेतले. आवाज टायमिंग चेनच्या टेन्शनरचा असल्याचे त्याने त्या एका सकाळीच ओळखले. आधीच्या दोन फेऱ्यांत माझे दिवस गेले तसे त्याच्या सहकाऱ्यांचे तासही गेले, आणि त्या तासांत दुसऱ्या कोणाची तरी गाडी झाली असती, ही गोष्ट मला आजही बोचते.

दुसरी काळजी अशी की गाडी नेण्यापूर्वी बॅटरीची तार काढू नये आणि बाहेरच्या कोणाकडून फॉल्ट कोड पुसून घेऊ नयेत. दिवा विझला की दोष गेला असे वाटते, परंतु कोडबरोबर दोष घडला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे तापमान, फेरे आणि भार किती होता याची नोंदही साठवलेली असते, आणि कोड पुसले की तीही जाते. कंपनीच्या मंजुरीसाठी हा पुरावाच अनेकदा निर्णायक ठरतो. त्याचप्रमाणे वॉरंटीत असलेला भाग आधी बाहेर उघडून पाहिला असेल, तर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळते.

यानंतर वॉरंटीची पुस्तिका उघडून आपला भाग कोणत्या गटात येतो ते पाहावे. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांसारखे झिजणारे भाग सामान्यतः वॉरंटीबाहेर असतात किंवा त्यांची मुदत फार थोडी असते. टायर आणि साधी 12 व्होल्टची बॅटरी यांची हमी पुष्कळदा त्यांचे उत्पादक स्वतंत्रपणे देतात. इलेक्ट्रिक गाडीच्या मुख्य बॅटरीची मुदत बाकीच्या गाडीपेक्षा बरीच मोठी, अनेक कंपन्यांत 8 वर्षांची असते. कंपनीच्या संकेतस्थळावर चॅसी क्रमांक टाकून आपल्या गाडीसाठी रिकॉल, म्हणजे सदोष भाग दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावण्याची सूचना, निघाला आहे का, हेही तपासावे. रिकॉलचे काम सुरक्षिततेशी निगडित असते आणि वॉरंटी संपलेली असली तरी ते सहसा विनामूल्य होते.

वेळ ठरवताना फोनवर केवळ ‘वॉरंटीचे काम आहे’ असे सांगू नये. तक्रारीचे स्वरूप सांगून त्या प्रकारचा दोष शोधणारा तंत्रज्ञ कोणत्या दिवशी उपलब्ध आहे ते विचारावे आणि तोच दिवस घ्यावा, मग तो चार दिवस पुढचा असला तरी चालेल. गाडी चालण्याजोगी असेल तर ती आपल्या घरी चार दिवस थांबलेली बरी.

तिसरी पायरी: जॉब कार्ड

पुढे काहीही वाद झाला तरी आपल्या बाजूने उभा राहणारा पहिला कागद म्हणजे जॉब कार्ड. तक्रार आपल्या शब्दांत उतरली आहे का ते सही करण्यापूर्वी वाचावे, कारण घाईत ‘जनरल चेकअप’ असे लिहिले जाते आणि मूळ तक्रार नोंदलीच जात नाही. तारीख, ओडोमीटरचा आकडा, इंधनाची किंवा चार्जची पातळी, गाडीवर आधीपासून असलेले ओरखडे आणि गाडी परत देण्याची अंदाजे तारीख या नोंदी असाव्यात, आणि प्रत मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नये. वॉरंटी संपायला थोडेच दिवस राहिले असतील, तर ही नोंद फारच मोलाची ठरते. मुदतीत नोंदवलेल्या तक्रारीचे काम मुदतीनंतर झाले तरी ते वॉरंटीतच धरावे, असा आग्रह आपल्याला त्या कागदाच्या आधारे धरता येतो. तंत्रज्ञासोबत छोटी टेस्ट ड्राइव्ह करण्याची विनंतीही याच वेळी करावी. दहा मिनिटांच्या त्या फेरीत तोंडी वर्णनापेक्षा किती तरी अधिक कळते.

चौथी पायरी: गाडी कोणत्या रांगेत आहे ते विचारा

गाडी ठेवल्यानंतर विचारायचे प्रश्न नेमके असावेत. तपासणी झाली का, आणि झाली असल्यास तंत्रज्ञाने काय लिहिले आहे? दावा कंपनीकडे कोणत्या तारखेला गेला आणि कंपनीने आणखी काही माहिती मागितली आहे का? भाग मागवला असल्यास ऑर्डरची तारीख व क्रमांक काय आहे, आणि तो कोठून येणार आहे? या प्रश्नांची उत्तरे ईमेलने किंवा संदेशाने मागावीत. तोंडी मिळालेल्या आश्वासनाचा सारांश आपणच एका ओळीत लिहून पाठवला, तरी त्याची तारखेनिशी नोंद राहते.

तपासणीच्या रांगेत असलेल्या गाडीसाठी सबुरी आणि चांगली माहिती यांपलीकडे फारसा उपाय नाही. एवढे मात्र करता येते की अनेक दिवस निदान होत नसेल, तर कंपनीच्या तांत्रिक साहाय्य विभागाकडे प्रकरण पाठवण्याची विनंती करता येते. मंजुरीच्या रांगेत असेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा, कारण ही रांग कंपनीच्या हातात असते आणि तेथे डीलरपेक्षा ग्राहकाचा शब्द पुष्कळदा लवकर पोहोचतो.

सुट्या भागाच्या रांगेत एक शब्द उपयोगी पडतो, तो म्हणजे ‘व्हीओआर’ (व्हेइकल ऑफ रोड). गाडी रस्त्यावर चालवता येत नाही अशा स्थितीत असेल, तर भाग साठ्यासाठी मागवण्याच्या नेहमीच्या ऑर्डरऐवजी या तातडीच्या प्रकारात मागवता येतो आणि त्याला अग्रक्रम मिळतो. ऑर्डर कोणत्या प्रकारात टाकली आहे हे विचारायला संकोच करू नये. दुसऱ्या एखाद्या डीलरकडे तो भाग शिल्लक आहे का, हेही विचारावे. काही वेळा टंचाई जगभरची असते आणि मग कोणाचेच काही चालत नाही. 2020 च्या अखेरीस सुरू झालेल्या चिपच्या तुटवड्यात इलेक्ट्रॉनिक भागांसाठी ग्राहकांनी दीर्घकाळ वाट पाहिली. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये एकट्या अमेरिकेत एअरबॅग फुगवणारे सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर बदलायचे होते. एवढे भाग एकदम तयार होणे शक्य नसल्याने धोका जास्त असलेल्या, म्हणजे उष्ण व दमट प्रदेशांतील जुन्या गाड्यांना आधी भाग देण्यात आले. अशा प्रसंगी आपली गाडी कोणत्या अग्रक्रमात बसते, एवढेच विचारण्यात अर्थ असतो.

पाचवी पायरी: वाट पाहताना

निदान झाले आहे, भाग यायचा आहे आणि गाडी सुरक्षितपणे चालते, अशा स्थितीत ती वर्कशॉपच्या आवारात धूळ खात ठेवू नये. जॉब कार्ड बंद न करता, ‘भाग प्रलंबित’ अशी लेखी नोंद घेऊन गाडी घरी आणावी आणि भाग आल्यावर बसवण्याची तारीख आधीच ठरवून घ्यावी. मात्र गाडी सुरक्षित आहे हे तंत्रज्ञाने लिहून द्यावे. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, इंधनगळती किंवा उच्चदाबाची वीज यांच्याशी संबंधित दोष असेल, तर गाडी बाहेर काढण्याचा हट्ट कोणीही धरू नये. लाल दिवा पेटला असेल तर गाडी थांबवायची असते. पिवळा चेक इंजिन दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करायची असते, पण तोच दिवा लुकलुकत असेल तर इंजिनात मिसफायर होत असून (म्हणजे इंधन नीट पेटत नसून) धुरातील प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो, हे लक्षात ठेवावे.

गाडी तेथेच ठेवावी लागणार असेल, तर पर्यायी गाडीची सोय वॉरंटीत, विस्तारित वॉरंटीत किंवा विम्यात आहे का ते तपासावे आणि मागणी लेखी करावी. फार दिवस उभी राहणार असल्यास 12 व्होल्टची बॅटरी उतरणार नाही याची व्यवस्था करण्यास सांगावे.

सहावी पायरी: तक्रार वर नेणे

डीलरचा सर्व्हिस मॅनेजर, मग कंपनीचा विभागीय अधिकारी, मग कंपनीचा तक्रार निवारण विभाग, असा क्रम पाळावा आणि प्रत्येक पत्रात गाडी केव्हा दिली, किती दिवस बंद आहे, हाच दोष किती वेळा दुरुस्तीसाठी दिला, हे तारखांसह लिहावे. काउंटरवरच्या माणसावर आवाज चढवून काहीच साधत नाही. तो रांगेचा मालक नसतो.

कायद्याचा आधार देशोदेशी वेगळा आहे, परंतु सर्वत्र मोजले जातात ते दिवस आणि दुरुस्तीच्या खेपा. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशानुसार विक्रेत्याने दुरुस्ती वाजवी मुदतीत आणि ग्राहकाची मोठी गैरसोय न करता करून द्यावी लागते. कॅलिफोर्नियात पहिले 18 महिने किंवा 18,000 मैल या मुदतीत गाडी वॉरंटीच्या दुरुस्त्यांसाठी एकूण 30 पेक्षा जास्त दिवस बंद राहिली, तर दुरुस्तीची पुरेशी संधी देऊन झाली असे कायदा गृहीत धरतो, आणि हे दिवस सलग असण्याची गरज नसते. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार वादाचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागते. म्हणूनच प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड जपून ठेवणे महत्त्वाचे आहे: पाच खेपांपैकी दोनच कागदावर असतील, तर कायद्याच्या दृष्टीने खेपा दोनच झालेल्या असतात.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे गाडी नेता येते, परंतु तेथे तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. भागासाठी थांबलेली गाडी हलवून सहसा फायदा होत नाही. निदानच होत नसेल आणि दुसरीकडे जाणता तंत्रज्ञ असल्याचे कळले असेल, तर मात्र जरूर हलवावी आणि आधीच्या सर्व नोंदी सोबत न्याव्यात.

सातवी पायरी: गाडी परत घेताना

घाईच्या वेळी किंवा अंधारात गाडी ताब्यात घेऊ नये. ज्या परिस्थितीत दोष दिसत होता तीच परिस्थिती निर्माण करून, शक्यतो तंत्रज्ञासोबत, गाडी चालवून पाहावी. रक्कम शून्य असली तरी बिल मागून घ्यावे, आणि त्यावर कोणता दोष आढळला, कोणता भाग बदलला, त्याचा क्रमांक काय आणि कोणते सॉफ्टवेअर अद्ययावत केले हे लिहिलेले असावे. वॉरंटीत बदललेल्या भागाची हमी अनेकदा मूळ वॉरंटीच्या उरलेल्या मुदतीपुरतीच असते, त्यामुळे ती किती आहे ते त्याच वेळी विचारून बिलावर लिहून घ्यावे. तोच दोष पुन्हा दिसल्यास दुसऱ्याच दिवशी कळवावे आणि नव्या जॉब कार्डावर ‘पूर्वीचीच तक्रार’ असे शब्द, आधीच्या कार्डाच्या क्रमांकासह, लिहून घ्यावेत. दोष खरोखर शोधून काढणाऱ्या तंत्रज्ञाचे नावही टिपून ठेवावे, आणि पुढच्या वेळी गाडी नेताना ती व्यक्ती ज्या दिवशी असेल तोच दिवस मागावा.